मेन रोडचे दुकानमालक एकत्र कसे आणायचे (आधी मोजायची टेप काढा)

तालुक्याच्या गावात चहा पिताना प्रत्येक दुकानदाराचं एकच रडगाणं, गिऱ्हाईक लातूरला नाहीतर संभाजीनगरला पळायलंय. खरंय, पण लोक गंज गोलाईत उगाच जात नाहीत, सोळा रस्ते एका जागी येतात अन् सोनं कुठं, चप्पल कुठं, मिरची-गूळ कुठं हे कुणाला विचारावं लागत नाही. आपल्याकडं गाडी लावायला जागा नाही अन् नालीवरून उडी मारून दुकानात चढायचं. आमच्या दुकानांच्या लाईनीत मालकांना एकत्र आणून बाजारपेठ सुधारायचं आम्ही थोडंफार जमवलंय म्हणून लिहितोय.

पहिलं काम यादी, अन् ती दुकानदारांची नाही, मालकांची. गल्ल्यावर बसलेला माणूस बऱ्याचदा भाडेकरू असतो, घरपट्टीच्या पावतीवर नाव मेलेल्या आजोबाचं अन् वारस तिघं, दोघं पुण्याला. नगरपरिषदेतून मालमत्ता नंबर घ्या, नगर भूमापन ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड अन् नकाशा काढा, पुण्याच्या पोरांचे नंबर त्यांच्या मावशीकडून मिळतात, हे मी अनुभवानं सांगतोय.

पहिली मीटिंग आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नका, रात्री शटर पडल्यावर ठेवा, अन् ती मंदिराच्या मंडपात, कुणाच्याच दुकानात नाही, नाहीतर त्याचाच फायदा करायलेत म्हणतात. नगरसेवकाला त्या दिवशी बोलवू नका, मग भाषण होतं अन् काम राहतं.

आता टेप. हे सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही नकाशावरची हद्द धरून दोघं जण टेप घेऊन निघालो अन् पहिल्याच दुकानाची पायरी साडेतीन फूट पुढं निघाली, ते दुकान माझंच. खाली नाली, वर फरशी, फरशीवर ओटा, ओट्यावर पोती, वर पत्रा. म्हणून झाडायला नाली उघडतच नव्हती अन् पावसात सगळं पाणी समोरच्या कापडवाल्याकडं. मी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलवून पायरी फोडली, तेव्हा कुठं बाकीचे हलले. दोघं अजून हललेले नाहीत, राहू द्या.

कामाचे पैसे सगळ्यांकडून सारखे घेऊ नका, दर्शनी फुटावर घ्या, म्हणजे दुकानाची रस्त्याकडची रुंदी मोजून. फुटाला १०० धरले तर १० फुटी दुकानाला १००० अन् ४० फुटी वाड्याला ४०००, भांडण कमी होतं. १९७० साली टोरांटोत एका बाजारपेठेनं बाजार सुधारायला वर्गणी घ्यायला सुरुवात केली, पण तिकडं कायद्यानं सगळ्यांना भरावी लागते, आपल्याकडं मनावर आहे. त्यामुळं पावती द्या अन् हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाका. खातं काढायला संस्था लागते, १८६० च्या कायद्याखाली सात सभासदांत होते, धर्मादाय कार्यालयात जावं लागतं, एक वकील बघा.

नगरपरिषदेला नाली अन् दिव्यासाठी तोंडी सांगू नका, अर्ज द्या, आवक नंबर घ्या, पन्नास मालकांच्या सह्या असल्या की फाईल जरा लवकर सरकते.

जुन्या भाडेकरूला सोबत घ्या. भाडे नियंत्रण कायदा (१९९९) लागू असेल तिथं तो सहज हलत नाही अन् हलवायला गेलात की वर्षानुवर्षं तारखा. वाडा पाडून नवीन बांधणार असाल तर त्याला किती फूट, तळमजल्यावर की वर, हे पाडायच्या आधी कागदावर करा.

दर्शनी भाग रंगवायच्या आधी भिंत बघा. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती अन् वरचं जड माळवद, म्हणजे मातीचं छत, त्यानंच माणसं गेली. इंजिनिअरला दाखवा, रंग नंतर.

हातगाडीवाल्यांना हाकलायची घाई नको. बाजाराची गर्दी तेच आणतात. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, सर्वे करून त्यांना जागा ठरवून द्यायची असते, त्यासाठी पथविक्रेता समिती असते, तिचं काय झालं ते नगरपरिषदेत विचारा. आमच्याकडं भाजीवाल्या मावशींनीच सांगितलं, वडाखालची सावली द्या, रोड सोडतो, अन् सोडला.

बोर्ड सगळ्यांचे एका उंचीवर घ्यायचेत, त्यावर अजून वाद चालूय, मोबाईलवाला ऐकत नाही. खोदकाम दिवाळी झाल्यावर सुरू करा, उन्हाळ्यातल्या लग्नसराईच्या आत उरका, नाहीतर बस्त्याच्या टायमाला दुकानापुढं खड्डा अन् कापडवाला तुमच्याशी बोलणार नाही.