अभंग हिंदीत नेताना आधी टाळ धरा

अभंगाचा अनुवाद करायला बसलात की शब्दकोश बाजूला ठेवा. आधी तो टाळावर म्हणा. टाळ नसेल तर मांडीवर ठेका धरा, पण मोठ्याने म्हणा.

तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान’च घ्या. बोलताना आपण ‘सुंदर’मधला र आणि ‘ध्यान’मधला न अर्धवटच सोडतो. गाताना सुं-द-र-ते-ध्या-न अशी सहाही अक्षरं भरून येतात. ‘उभे विटेवरी’ सहा, ‘कर कटावरी’ सहा आणि ‘ठेवोनिया’ चारच. मोठ्या अभंगाचं माप हेच, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. नुसत्या डोळ्यांनी वाचलंत तर हे हाती लागत नाही.

मी पहिल्यांदा ‘खड़ा ईंट पर, हाथ कमर पर’ असं केलं होतं. अर्थ चोख, यमकही जुळलेलं. इथे इंदूरला आमच्या भजनात काकूंनी ते म्हणून पाहिलं आणि थांबल्या. “अगं, ‘वरी’ कसं ओढता येतं! ‘पर’ला ओढू कुठे?” खरंच होतं. मूळ चरण दीर्घ ई वर उघडा राहतो, माझा र वर मिटत होता.

मग ‘पर’चं ‘पे’ केलं:

सुंदर वो रूप, खड़ा है ईंट पे,
हाथ कमर पे, रखे हुए.

मोजून बघा, सहा-सहा-सहा-चार. ‘ध्यान’ सोडावंच लागलं, कारण हिंदीत ध्यान म्हणजे चित्त लावणं. ‘रूप’ शब्द तुकोबांनीच पुढच्या ओळीत वापरलाय, म्हणून तो बिनधास्त घेतला. ‘कर कटावरी’तले दोन क मात्र गेले. ‘कर कटि’ने ते राहिले असते, पण आमच्या गल्लीत कमरेला कटि कोणी म्हणत नाही.

मापाचा फार धाकही बाळगू नका. ‘तुळसीहार गळां’ मोजलंत तर सात भरतात, गाणारे एक अक्षर पटकन घेऊन पुढे जातात.

कच्चा खर्डा झाला की मोबाईलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी कागद न बघता ऐका. जीभ जिथे अडखळली असेल तिथला शब्द बदला, मग तो अर्थाने कितीही नेमका असो. त्यानंतर मूळ अभंग माहीत नसलेल्या एखाद्या हिंदी भाषकाला तो टाळावर म्हणायला द्या आणि आपण गप्प बसून ऐका.