थॅलियम टेस्टच्या आधी चहा नको, अगदी आदल्या संध्याकाळचाही

हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोचतं का, हे फोटो काढून बघणारी आईची पहिली थॅलियम टेस्ट चहापायी रद्द झाली. "उपाशीपोटी या" एवढंच मी लक्षात ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी सातला तिने नेहमीचा आल्याचा चहा घेतला. सकाळी डोंबिवलीहून लोकलने परळ गाठलं, तर काउंटरवर पहिलाच प्रश्न, "शेवटचा चहा कधी घेतलात?" आल्या पावली परत.

या टेस्टमध्ये ट्रेडमिलवर चालवून हृदयावर ताण देतात. आईचे गुडघे गेलेत, ट्रेडमिल जमणार नव्हती. अशांना शिरेतून ॲडेनोसिनसारखं औषध देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. कॅफिन नेमकं त्याच औषधाला अडवतं, मग अरुंद झालेली वाहिनी फोटोत लपून जाऊ शकते. म्हणून 24 तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट पूर्ण बंद. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, पाकीट वाचून बघा. ट्रेडमिलवाल्यांनीही हे पाळावं. चालताना ठोके पुरेसे वाढले नाहीत तर ऐनवेळी औषधच द्यावं लागतं.

बीपीच्या काही गोळ्या ठोके वाढू देत नाहीत. त्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मनाने बंद करू नका. इन्सुलिनचंही विचारा. दमा असेल तर आधीच सांगा, वेगळं औषध देतात.

फोटोसाठी शिरेतून किरणोत्सर्गी पदार्थ देतात. नाव थॅलियम असलं तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम टोचतात. त्याचा किरणोत्सर्ग दर सहा तासांनी निम्मा होतो. वाहिन्या रुंद करणारं औषध चढताना आईची छाती जड झाली, चेहरा तापला. मी हात धरून होते. थोड्या वेळात ओसरलं.

कॅमेऱ्याखाली मात्र पंधरा-वीस मिनिटं हात डोक्यावर घेऊन निश्चल पडायचं असतं. हललं की फोटो बिघडतो. दुसऱ्या खेपेआधी आईने घरी पलंगावर रोज सराव केला, खांद्याखाली घडी केलेली चादर घेऊन. म्हाताऱ्या माणसांकडून हे नक्की करून घ्या.

फोटो दोनदा काढतात, ताणानंतरचा आणि विश्रांतीचा. ताणात फिका दिसणारा भाग विश्रांतीत भरून आला, तर तिथे रक्त कमी पडतंय पण स्नायू जिवंत आहे. दोन्हींत फिकाच राहिला तर बहुधा जुन्या झटक्याचा व्रण. रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना हेच विचारा: भाग किती मोठा, आणि भरून येतो का?

अंगात किरणोत्सर्ग असतो म्हणून टेस्टच्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं, गरोदर बायका आणि लहान मुलांपासून लांब राहायचं. आईला हेच सर्वांत जड गेलं. नातू खोलीच्या दारात उभा राहून "आजी, घे ना" म्हणत होता, आणि ती पलंगावरूनच त्याला गोष्ट सांगत होती.