डोंगरावरच्या इटालियन गावांचे फोटो: आधी दिशा बघा

इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या गावांत फोटो काढायचे तर आदल्या रात्री नकाशावर दिशा बघून ठेवा. ओर्व्हिएतोच्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग नैऋत्येला तोंड करून आहे. सकाळी तो सावलीत असतो. दुपार कलली की त्यावरचं सोनेरी मोझेक असं उजळतं की बघतच राहावं. म्हणून सकाळ गल्ल्यांना द्या आणि संध्याकाळ त्या चौकात घालवा.

चिविता दी बान्योरेज्योचंही तसंच. ठिसूळ ज्वालामुखी खडकाच्या सुळक्यावर बसलेलं हे गाव पुलावरून चालत जाऊन बघावंच, पण त्याचा खरा फोटो मिळतो समोरच्या बान्योरेज्यो या गावातल्या सज्जातून. हा सज्जा चिविताच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे ऊन उतरताना तिथे उभे राहा. सान जिमिन्यानोचे मनोरेही गावाबाहेरच्या रस्त्यावरून जास्त देखणे दिसतात.

अरुंद गल्लीत मोबाइल वरच्या दिशेने तिरका धरला की भिंती मागे कललेल्या दिसतात. फोन सरळ उभा धरा, दोन पावलं मागे या, खालची जास्तीची फरसबंदी नंतर कापून टाका.

तस्कनीतल्या व्हाल दोर्च्या खोऱ्याच्या टेकड्यांसाठी मात्र वाइड लेन्स नको, झूम हवा. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक चढउतार वेगळा उठून दिसतो. मे महिन्यात शेतं हिरवी असतात, जुलैनंतर कापणी होऊन पिवळी-तपकिरी.

असिसीच्या संत फ्रान्सिस बॅसिलिकेत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, आत फोटोला मनाई आहे. तिथे चित्रकार जोत्तोच्या नावाने ओळखली जाणारी भित्तिचित्रं डोळे भरून बघा.