बीडहून एका दिवसात समुद्र: निघण्याआधी काय काय बघायचं

जवळचा समुद्र म्हटलं की आपल्याकडं लोक पैठणला जातात आणि नाथसागर बघून येतात, आमच्या लेकरांना तर बरेच दिवस तोच समुद्र वाटायचा. खराखुरा समुद्र बघायचा तर बीडहून पुणं साधारण अडीचशे किलोमीटर, पुढं मुळशी-ताम्हिणी-माणगाव करत दिवेआगर अजून दीडशेच्या वर. म्हणजे एक दिवस समुद्रावर आणि जाता-येता रात्र गाडीत असाच हिशोब धरायचा. संभाजीनगर-जालन्याच्या लोकांना समृद्धी सोपी, ती जून २०२५ पासून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत झालीय, त्यांनी पालघरकडचं केळवे नाहीतर अलिबाग बघावं. लातूर-धाराशिववाल्यांना सोलापूर, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करत गणपतीपुळे, पण तिथं दर्शन घ्या आणि पाण्यात गुडघ्याच्या पुढं जाऊ नका, तो किनारा लई फसवा आहे.

पण किनारा ठरवायच्या आधी तारीख ठरवा आणि ती सुट्टी बघून नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून. दोन वर्षांमागं आम्ही शनिवार मोकळा आहे म्हणून निघालो, ती नेमकी पौर्णिमा. रात्रभर गाडी चालवून अकराच्या सुमाराला पोचलो तर पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं, वाळू दिसायलाच तयार नाही, आणि दुपारून ओहोटी लागली तेव्हा ओढ एवढी की किनाऱ्यावरचा माणूस शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढत होता. लेकरं पाय भिजवून परत आली. तेव्हा तिथल्या एका कोळी मावशीनं हिशोब सांगितला, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, शुद्ध असो की वद्य. अण्णांनी लगेच शाळेतली पाऊणकी काढली, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. ओहोटी त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर. थोडं मागंपुढं होतं, म्हणून फोनवर भरती-ओहोटीचं टाइमटेबल पण बघायचं आणि पोचल्यावर गावातल्या माणसाला विचारायचंच.

त्यामुळं आमचं आता ठरलेलंय, तृतीया ते षष्ठीच्या मधला शनिवार किंवा रविवार. सकाळी आठ-नऊला पोचलं की ओहोटी संपत आलेली असते, लांबलचक ओली वाळू मिळते, लेकरं शिंपले वेचतात, आणि मग तीनपर्यंत पाणी हळूहळू वर येत राहतं, म्हणजे लाट माणसाला किनाऱ्याकडं ढकलते. पाण्यातून बाहेर यायची वेळ मात्र आधीच ठरवून ठेवा, भरती पूर्ण झाली की सगळे बाहेर, मग कुणी कितीबी रडू द्या. हे मी जीव तोडून सांगतेय कारण २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडला पुण्याहून सहलीला आलेली १४ मुलं बुडाली, पावसाळा नव्हता काही नव्हतं. आपल्या लेकरांना विहिरीत पोहता येतं म्हणून समुद्रात पण येईल असं धरून चालू नका, विहिरीचं पाणी माणसाला ओढून नेत नाही. जून ते ऑगस्ट तर विषयच नको, जून-जुलैत तिथले मासेमारीवाले पण बोटी वर काढून ठेवतात.

म्हातारी माणसं सोबत असतील तर त्यांना हरिहरेश्वर हवं असतं, आणि ते बरोबरच आहे, पण तिथली खडकावरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते, म्हणून त्यासाठी अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा, दुपारी बाराला पाणी खाली असतं. ऊन लागतं, टोपी-उपरणं घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या डिकीत नाही, हातातल्या पिशवीत.

गाडीचं म्हणाल तर दोन ड्रायव्हर पाहिजेतच, आणि गाडी वाळूत अजिबात घालायची नाही, चाक रुतलं की वर भरती येतेय. ताम्हिणीत वळणं फार, लेकरांना घाटाआधी दूध पाजू नका, आल्याचा तुकडा आणि प्लास्टिकच्या पिशव्या जवळ ठेवा. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी घरून घ्या, प्रवासात दोन वेळा निघतात. दुपारचं जेवण मात्र तिथंच एखाद्या घरात घ्या, पण आदल्या दिवशी फोन करून किती ताटं, व्हेज किती, मोदक किती ते सांगा, ऐनवेळी गेलात तर उपाशी बसाल. त्यांच्याकडंच एक खोली दिवसापुरती घ्या, बायकांना कपडे बदलायला दुसरी सोय नसते. बायकांनी नऊवारी नाहीतर जड साडी नेसून पाण्यात उतरू नये, भिजली की पायात गुंडाळते, जुना ड्रेस घाला. सुट्टे पैसे ठेवा, रेंज कधी असते कधी नसते.

चारला निघालं की घाट बराचसा उजेडात पार होतो. आणि गोड्या पाण्याचा एक कॅन डिकीत ठेवाच, गाडीत बसायच्या आधी पायाची वाळू धुवायला. त्याचं झाकण हरवू देऊ नका, कॅन रिकामा झाला की आमची माय त्यात समुद्राचं पाणी भरून घेते, घरी देवाजवळ ठेवायला आणि शेजारच्या दोन घरांत वाटायला.