शोधलं 'पाणी', आलं 'पुणे': डेटाबेसमधल्या फुल-टेक्स्ट सर्चमध्ये या चुका टाळा

एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये एफटीएस५ (त्यातली फुल-टेक्स्ट सर्चची सोय) वापरून टेबल बनवा, एकही सेटिंग बदलू नका, त्यात मराठी मजकूर भरा आणि 'पाणी' शोधा. ज्या ओळींत फक्त 'पुणे' किंवा 'पेण' आहे त्याही निकालात येतील. इंडेक्स बिघडलेला नाही. त्याने सांगितलेलं काम बिनचूक केलं आहे.

फुल-टेक्स्ट सर्च मूळ मजकुरात शोधतच नाही. मजकूर साठवताना त्याचे टोकन, म्हणजे शोधण्याजोगे सुटे तुकडे, पाडले जातात आणि प्रत्येक टोकनपुढे ते कोणकोणत्या ओळींत आहे याची यादी ठेवली जाते, पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी. शोधताना तुमच्या शब्दाचेही टोकन पाडून ते या सूचीत पाहिले जातात. दोन्ही वेळचे टोकन तंतोतंत जुळले तरच ओळ सापडते. 'सर्च चालत नाही' अशा बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. म्हणून क्वेरी पुन्हापुन्हा लिहून बघण्याआधी टोकन बघा.

एसक्यूलाइट मात्रा गाळतं

एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर, युनिकोड६१, फक्त अक्षरं, अंक आणि खासगी वापराची चिन्हं यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त युनिकोडमध्ये 'अक्षर' या वर्गात नाहीत, ती 'चिन्ह' या वर्गात आहेत. त्यामुळे टोकनायझरला ती दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेसारखी दिसतात. 'पाणी' चे 'प' आणि 'ण' असे दोन टोकन पडतात. 'पुणे' आणि 'पेण' यांचेही तेच दोन. तुमचा शोध आतल्या आत 'प' आणि लगेच पुढे 'ण' असा वाक्यांश होतो आणि तिन्ही शब्द जुळतात.

उपाय टेबल बनवतानाच करायचा. टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' या पर्यायात मूळच्या एल, एन आणि सीओ वर्गांसोबत एमएन आणि एमसी हे दोन, म्हणजे काना-मात्रांसारख्या चिन्हांचे, वर्ग लिहा. हा पर्याय आवृत्ती ३.२५.० पासून आहे. मोबाइल ॲपमध्ये फोनसोबत आलेलं एसक्यूलाइट वापरत असाल तर आवृत्ती आधी तपासा. तयार टेबलाचा टोकनायझर बदलता येत नाही, नवं टेबल बनवून मजकूर पुन्हा भरावा लागतो. मग एफटीएस५व्होकॅब प्रकारचं टेबल जोडून सूचीतले शब्द वाचा. एकएकट्या अक्षरांची रांग दिसली तर सेटिंग लागलेली नाही.

पोस्टग्रेसक्यूएलच्या पार्सरमध्ये अशा चिन्हांची वेगळी सोय केलेली आहे, पण डेटाबेसचं एन्कोडिंग यूटीएफ-८ असेल तरच. तिथे टोकन बघायला टीएस_डीबग हे फंक्शन आहे. वाक्य द्या, की प्रत्येक तुकड्याचा प्रकार, त्यावर चाललेली डिक्शनरी आणि शेवटी उरलेला लेक्सीम (सूचीत जाणारं शब्दाचं रूप) असा तक्ता मिळतो. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी_एफटी_ऑक्स_टेबल या व्हेरिएबलला 'डेटाबेस/टेबल' असं नाव द्या आणि इन्फर्मेशन स्कीमातली इनोडीबी_एफटी_इंडेक्स_कॅश व इनोडीबी_एफटी_इंडेक्स_टेबल ही दोन टेबलं वाचा. दोन्ही वाचायची, कारण नुकत्याच भरलेल्या ओळींचे टोकन आधी कॅशमध्ये असतात.

दिसायला एक, साठवायला दोन

मराठी मजकुरात सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण हीच आहे, कारण पडद्यावर काहीच चुकीचं दिसत नाही.

'शेतकऱ्यांना' मधला अर्धा र घ्या. एका कीबोर्डवर तो ऱ, हलन्त, य असा टाइप होतो. दुसऱ्यावर र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि य असा. छापून दोन्ही सारखेच दिसतात, पण टोकन वेगळे असतात. शिवाय 'ऱ' हे एकच चिन्ह असू शकतं किंवा र आणि नुक्ता अशी जोडी. 'ॲप' चंही तसंच. काही जण ॲ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही जण अ वर चंद्र देतात.

युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराच्या वेगळ्या साठवणी एकसारख्या करण्याची रीत) यातलं एकच भांडण मिटवतं. र आणि नुक्ता यांची जोडी 'ऱ' होते. जोडकाचा प्रकार आणि ॲ चा प्रकार तसाच राहतो, ते बदल तुम्हालाच लिहावे लागतात. क्रमही महत्त्वाचा आहे:

१. आधी एनएफसी.
२. मग 'र, हलन्त, जोडक' जिथे असेल तिथे 'ऱ, हलन्त'.
३. अ आणि चंद्र यांच्या जागी ॲ.
४. उरलेले शून्य रुंदीचे जोडक आणि विभाजक काढून टाका.
५. देवनागरी आणि इंग्रजी अंकांपैकी एकच प्रकार ठेवा.

चौथी पायरी दुसरीच्या आधी केलीत, तर जोडकाने लिहिलेल्या 'दऱ्या' चा 'दर्या' होईल, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात.

पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १३ पासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे, बाकीचं रिप्लेस आणि ट्रान्सलेटने होतं. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट यांच्यात प्रमाणीकरणाचं तयार फंक्शन नाही, तिथे हे काम ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये करा. कुठेही केलंत तरी साठवताना आणि शोधताना एकच फंक्शन चाललं पाहिजे. फक्त साठवताना शुद्धी केली आणि शोधपेटीतला शब्द कच्चाच पाठवला, तर आधी सापडत होत्या त्या ओळीही हरवतात.

'विहीर' शोधली, 'विहिरीत' सापडलं नाही

इंग्रजीत स्टेमर, म्हणजे शब्दाचे प्रत्यय तोडणारा प्रोग्रॅम, 'रनिंग' चा 'रन' करतो. पोस्टग्रेससोबत येणाऱ्या स्नोबॉल स्टेमरमध्ये तमिळ आणि नेपाळी आहेत, आवृत्ती १४ पासून हिंदीही आहे, मराठी नाही. लिपी एकच म्हणून हिंदीचं कॉन्फिगरेशन मराठीला लावण्याचा मोह आवरा. ते हिंदीचे प्रत्यय तोडतं. '-च्या', '-मध्ये', '-साठी' यांची त्याला ओळख नाही, आणि मराठी शब्दाचा शेवट हिंदी प्रत्ययासारखा दिसला तर तोही कापला जातो. शुद्ध मराठी मजकुराला 'सिंपल' हे प्रत्यय न तोडणारं कॉन्फिगरेशन जास्त प्रामाणिक आहे.

मग प्रत्ययांचं काय? पुष्कळ जण शब्दापुढे तारांकन लावून मोकळे होतात. 'घर' ला ते चालतं, कारण घरात, घराचा, घरांमध्ये सगळे 'घर' नेच सुरू होतात. पण सामान्यरूपात शब्द आतून बदलला की गाडी अडते. 'विहीर' मधली दीर्घ वेलांटी 'विहिरीत' मध्ये ऱ्हस्व होते. 'पाणी' चं 'पाण्यात' होतं. म्हणून काही जण शब्द आणखी आखूड करून 'पाण' ने सुरू होणारं सगळं शोधतात, आणि निकालात पाणबुडी, पाणघोडा आणि पाणउतारा येतात.

त्यापेक्षा शोधशब्दाचा विस्तार करा. मूळ रूप आणि सामान्यरूप असे दोन उपसर्गशोध (शब्दाची फक्त सुरुवात जुळवणारे शोध) 'किंवा' ने जोडा: 'पाणी' किंवा 'पाण्य', 'विहीर' किंवा 'विहिर', 'शाळा' किंवा 'शाळे', 'रस्ता' किंवा 'रस्त्य' किंवा 'रस्ते', प्रत्येकापुढे उपसर्गाची खूण. तुमच्या विषयातल्या दोन-तीनशे नामांचा असा तक्ता हाताने बनवला तरी निकालात लगेच फरक दिसतो. तक्ता डोळे मिटून वाढवू नका. 'फूल' च्या विस्तारात 'फुले' घातलंत की बागकामाच्या शोधात महात्मा फुले येणारच.

पोस्टग्रेसमध्ये उपसर्गाची खूण टू_टीएसक्वेरी हे फंक्शन समजतं, वेबसर्च_टू_टीएसक्वेरी समजत नाही. उलट, वापरणाऱ्याने टाइप केलेलं वाक्य जसंच्या तसं टू_टीएसक्वेरीला दिलंत तर दोन शब्दांमधल्या साध्या मोकळ्या जागेवरही ते व्याकरणाची चूक म्हणून एरर देतं. शोधपेटीतलं कच्चं वाक्य वेबसर्चवाल्याला द्या, टू_टीएसक्वेरीसाठी शब्द स्वतः वेगळे करून जोडा.

पोस्टग्रेस: इंडेक्स आहे, पण वापरला जात नाही

मजकुराचा टीएसव्हेक्टर, म्हणजे टोकन आणि त्यांच्या स्थानांची यादी, बनवणारं टू_टीएसव्हेक्टर हे फंक्शन दोन प्रकारे लिहिता येतं: नुसता मजकूर देऊन, किंवा कॉन्फिगरेशनचं नाव आणि मजकूर असं दोन्ही देऊन. पहिला प्रकार डीफॉल्ट_टेक्स्ट_सर्च_कॉन्फिग या सेटिंगवर अवलंबून असतो, म्हणून इंडेक्सच्या एक्स्प्रेशनमध्ये तो चालतच नाही. इंडेक्स दुसऱ्या प्रकाराने बनतो, क्वेरी मात्र सवयीने पहिल्या प्रकाराने लिहिली जाते. क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरला ही दोन वेगळी एक्स्प्रेशन दिसतात आणि तो सगळं टेबल वाचत बसतो. एक्सप्लेनमध्ये (क्वेरीची योजना दाखवणाऱ्या कमांडमध्ये) सीक्वेन्शियल स्कॅन दिसला तर आधी हेच तपासा.

निकाल चुकण्याचा धोका यापेक्षा वाईट. ती सेटिंग पोस्टग्रेसचा क्लस्टर बनवताना लोकॅलवरून (मशीनच्या भाषेच्या सेटिंगवरून) ठरते, त्यामुळे लॅपटॉपवर 'इंग्लिश' आणि सर्व्हरवर 'सिंपल' असं सहज होतं. 'इंग्लिश' ने 'डेटाबेस' या इंग्रजी शब्दाचं शेवटचं अक्षर कापलेलं असतं, 'सिंपल' पूर्ण शब्द शोधतो, आणि ओळी समोर असून निकाल शून्य येतो. कॉन्फिगरेशनचं नाव प्रत्येक ठिकाणी लिहा.

आवृत्ती १२ पासून जनरेटेड कॉलम (बाकीच्या कॉलमांवरून आपोआप भरणारा) आहे, तो घ्या आणि त्यावर जीआयएन हा फुल-टेक्स्टला लागणारा इंडेक्स टाका. हाताने लिहिलेल्या ट्रिगरपेक्षा हे बरं. त्यात दोन खाचा आहेत. शीर्षक आणि मजकूर जोडताना एक जरी नल (रिकामा) असला तरी सगळा व्हेक्टर नल होतो आणि ती ओळ कधीच सापडत नाही, म्हणून प्रत्येक कॉलमला कोअलेस (नलच्या जागी रिकामा मजकूर देणारं फंक्शन) लावा. दुसरी खाच आकाराची. टीएसव्हेक्टर १ एमबीपेक्षा मोठा होऊ शकत नाही. अख्ख्या पीडीएफचा मजकूर एका ओळीत भरला तर कधीतरी इन्सर्टच एरर देऊन थांबतो. मर्यादेत बसला तरी शब्दाचं स्थान १६३८३ च्या पुढे मोजलं जात नाही, पुढच्या सगळ्या शब्दांना तोच आकडा मिळतो. मग लांबलचक दस्तऐवजाच्या उत्तरार्धात वाक्यांशशोध भरवशाचा राहत नाही. प्रकरणाला किंवा पानाला एक ओळ ठेवली की दोन्ही प्रश्न जातात.

पार्सरच्या काही सवयीही ठाऊक असू द्या. इंग्रजी अंकांत लिहिलेलं '२०२३-२४' त्याला २०२३ आणि उणे २४ असे दोन आकडे वाटतात. रोमन लिपीत तिरक्या रेघेने जोडलेले 'पुणे/मुंबई' त्याला फाइलचा पत्ता वाटतो आणि पूर्ण जोडीचा एकच टोकन पडतो, मग नुसती 'मुंबई' सापडत नाही. रेघेच्या जागी मोकळी जागा घालून मजकूर द्या. बिल क्रमांक, सर्व्हे नंबर यांना तर फुल-टेक्स्टमध्ये टाकूच नका, वेगळा कॉलम आणि साधा बी-ट्री इंडेक्स पुरतो.

शोध एरवी झटपट चालतो आणि मोठी भरणी झाली की मंदावतो, असं दिसलं तर जीआयएनची प्रलंबित यादी बघा. नव्या नोंदी आधी या यादीत जातात (मर्यादा मुळात ४ एमबी) आणि प्रत्येक शोधाला ती सरळ वाचावी लागते. भरणीनंतर व्हॅक्यूम चालवा किंवा जीआयएन_क्लीन_पेंडिंग_लिस्ट बोलवा.

मायएसक्यूएल: 'ऊस' का सापडत नाही

इनोडीबी या मायएसक्यूएलच्या नेहमीच्या स्टोरेज इंजिनमध्ये टोकनची किमान लांबी मुळात ३ आहे. 'ऊस', 'दर', 'घर', 'मत', 'कर' हे सगळे दोन अक्षरांचे, म्हणजे सूचीत शिरतच नाहीत. इनोडीबी_एफटी_मिन_टोकन_साइझ २ किंवा १ करा. हे चालू सर्व्हरवर बदलत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये लिहा, सर्व्हर रीस्टार्ट करा, इंडेक्स काढून पुन्हा बनवा. शेवटची पायरी विसरली जाते आणि मग 'सेटिंग लागलीच नाही' असं वाटतं.

एरर ११९१ आला तर मॅचमधले कॉलम आणि फुल-टेक्स्ट इंडेक्सचे कॉलम जुळत नाहीत. शीर्षक आणि मजकूर यांच्यावर मिळून इंडेक्स असेल तर नुसत्या शीर्षकात शोधायला वेगळा इंडेक्स लागतो.

टेस्टमध्ये ओळ भरली, शोधली, शून्य मिळालं? इनोडीबीचा फुल-टेक्स्ट शोध फक्त कमिट झालेला डेटा पाहतो. प्रत्येक टेस्टनंतर रोलबॅक करणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये हा शोध कधीच यशस्वी होणार नाही, या टेस्टना खरा कमिट द्या आणि नंतर साफसफाई करा.

डिलीट केलेल्या ओळींचे टोकनही सूचीत पडून राहतात. इनोडीबी_ऑप्टिमाइझ_फुलटेक्स्ट_ओन्ली चालू करून ऑप्टिमाइझ टेबल चालवा. एका फेरीत मुळात २००० शब्दच हाताळले जातात, त्यामुळे मोठ्या टेबलावर ते अनेकदा चालवावं लागतं.

क्रमवारीच्या चुका

एसक्यूलाइटच्या बीएम२५ या गुण देणाऱ्या फंक्शनमध्ये चांगला निकाल म्हणजे लहान आकडा, उणे चिन्हासह. सवयीने उतरता क्रम लावला की सगळ्यात निकामी ओळ वर येते. रँक या कॉलमवर चढता क्रम लावा.

पोस्टग्रेसच्या टीएस_रँक या गुण देणाऱ्या फंक्शनला प्रत्येक जुळलेल्या ओळीचा व्हेक्टर टेबलातून आणावा लागतो. पन्नास हजार ओळी जुळल्या तर पन्नास हजार वेळा, मग तुम्ही पहिल्या दहाच दाखवत असलात तरी. तारीख, जिल्हा, विभाग अशा साध्या अटींनी संच आधी लहान करा. जुळलेले शब्द ठळक करून उतारा दाखवणारं टीएस_हेडलाइन तर मूळ मजकूर पुन्हा पार्स करतं. त्याला आतल्या क्वेरीत ठेवू नका. आत क्रम आणि लिमिट लावा, बाहेर त्या दहा ओळींवरच हेडलाइन चालवा.