कपाटामागची बुरशी: रंगाआधी पाणी शोधा

बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर, विशेषतः कपाटामागे, बुरशी धरते. पुसून वर पुट्टी-रंग केला तरी त्याच जागी पुन्हा काळे ठिपके उमटतात, कारण भिंत आतून ओलीच असते. ओल्या भिंतीवर ॲक्रिलिक रंग मारणं तर निव्वळ नुकसान: ओल कोंडते, फुगे येतात, पोपडे सुटतात.

आधी डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून तारीख लिहा. भर उन्हाळ्यातही डाग रेघेबाहेर सरकला तर संशय पाइपवर किंवा नहाणीवर (फरशीवरचं पाणी वाहून जातं ते जाळीचं भोक). जोराच्या सरींनंतर एक-दोन दिवसांतच वाढला तर बाहेरच्या भिंतीची भेग किंवा खिडकीची चौकट तपासा. तळमजल्यावर जमिनीलगत पांढरी खारट पूड सुटत असेल तर तो लोणा. ओल जमिनीतून चढते आहे आणि त्याची दुरुस्ती वेगळी.

नुसत्या दमट हवेनेही बुरशी धरते. ओल भिंतीत आहे की हवेत हे ओळखण्यासाठी दीड फूट लांब-रुंद प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि 48 तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. फक्त खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेत.

संशय बाथरूमवर असेल तर प्लंबरकडून प्रेशर पंप लावून घ्या, थंड आणि गीझरची लाइन वेगवेगळी. पंपावरचा दाबाचा काटा खाली सरकला तर ती लाइन गळते. पाइप ठीक निघाले तर दोन दिवस बाथरूम वापरू नका, व्हॉल्व्ह बंद ठेवा. मग नहाणीच्या तोंडात रबरी बूच घट्ट बसवून उंबऱ्याच्या आत दीड इंच पाणी 24 तास साठवा. डाग वाढला तर पाणी फरशीच्या सांध्यांतून किंवा खालच्या वॉटरप्रूफिंगमधून जातंय. नाही वाढला तर बूच काढून पाणी सोडा. त्यानंतर ओल आली तर दोष नहाणीच्या पाइपात, आणि तिथे फोडल्याशिवाय इलाज नाही.

सांधे गळत असतील तर जुनं व्हाइट सिमेंट किमान 3 मिलिमीटर खोल खरवडा, पूर्ण वाळू द्या आणि एपॉक्सी ग्राउट (फटी भरायचा, पाणी न शोषणारा मसाला) भरा. फरशी आणि भिंत मिळते तो कोपरा किंचित हलतो, तिथे सिलिकॉन सीलंटच टिकतो. बेडरूमच्या बाजूने वॉटरप्रूफ कोट मारून भागत नाही; पाणी हातभर पलीकडे फुटतं.

गळती थांबल्यावर डागाच्या बाहेर फूटभर जाईपर्यंत पुट्टी काढा. एन-95 मास्क आणि हातमोजे घाला, आणि आधी पाणी फवारा. कोरडं खरवडलं तर बुरशीचे कण घरभर उडतात. मग डिटर्जंटने घासा. ब्लीचने गिलाव्याचा फक्त वरचा काळेपणा जातो. ते वापरलंच तर टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडशी कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता घाई करू नका. फॅन लावून गिलावा तीन-चार आठवडे सुकवा, पुन्हा प्लास्टिक लावून पाहा, मगच प्रायमर. मुंबई-कोकणात जुलैमध्ये खिडकी उघडून भिंत सुकत नाही, बाहेरची हवाच ओलीचिंब असते. खिडकी बंद करून एसी ड्राय मोडवर चालवा आणि आर्द्रता 60 टक्क्यांखाली आणा. कपाट परत लावताना मागे तीन इंच जागा सोडा.