डेकच्या खड्ड्यात काँक्रीट ओतण्याआधी

मिनेसोटात नवीन घर घेतलेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: घराबाहेर डेक, म्हणजे लाकडी ओटा, बांधताना सिटीचा इन्स्पेक्टर खांबांचे खड्डे बघून जाईपर्यंत त्यात काँक्रीट ओतू देऊ नका.

आमचा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ट्रक आजच मिळतोय, इन्स्पेक्शन उद्या होईल." आम्ही हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर टेप घेऊन आला, तर मोजायला खड्डेच उरले नव्हते. सहाच्या सहा फूटिंग (खांबांखालचे काँक्रीटचे पाये) उकरावी लागली. पहिलं निघालं जेमतेम 30 इंच खोल. मिनियापोलिसच्या भागात 42 इंच लागतं, राज्याच्या उत्तरेकडे 60. हिवाळ्यात ओली माती गोठून फुगते आणि उथळ खांबाला वर ढकलते. दुप्पट खर्च आमच्याच खिशातून गेला. तेव्हापासून मला इन्स्पेक्टर आपला माणूस वाटतो; आपल्याकडचे बरेच जण मात्र त्याला टाळायलाच बघतात.

परमिट, म्हणजे सिटीची बांधकाम परवानगी, कधी लागतं? डेक घराला जोडलेला असेल किंवा जमिनीपासून 30 इंचांपेक्षा उंच असेल, तर लागतंच. जमिनीलगतच्या पॅटिओला बहुधा लागत नाही, तरी हद्दीपासूनचं अंतर सिटीला विचारून घ्या. एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संस्था) असेल तर तिची मंजुरी वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असं होत नाही.

"परमिट तुमच्या नावावर काढा, स्वस्त पडेल," असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला तर त्याचं लायसन्स आधी तपासा. मित्राच्या ओळखीचा असला तरी तपासा. लायसन्सवाल्याने फसवलं तर राज्याच्या रिकव्हरी फंडाकडे दाद मागता येते, बिनलायसन्सवाल्याने फसवलं तर नाही.

काम चालू असताना लेजरकडे, म्हणजे घराच्या भिंतीला जोडलेल्या फळीकडे, स्वतः बघा. ती नुसत्या खिळ्यांवर नको, बोल्ट किंवा जाड लॅग स्क्रू हवेत. वर फ्लॅशिंगचा पत्रा हवा, नाहीतर पाणी मागे झिरपून लाकूड कुजतं. डेक कोसळतात ते बरेचदा इथूनच सुटून. रेलिंग 36 इंच उंच, आणि दांड्यांच्या फटीतून 4 इंचांचा चेंडू जाता कामा नये. लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून हा नियम आहे.

आणि खणण्याच्या काही दिवस आधी 811 ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइन दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन करा. पैसे लागत नाहीत. माणसं येऊन अंगणात खुणा करून जातात: पिवळी गॅसची, लाल विजेची. त्या दिसल्याशिवाय फावडं लावू नका.